एकच गेम घ्यायचा असेल तर: त्सुशिमाचा वारा, रॅग्नारॉकचा बाप की गणपतीचा दात

भाचीची सीईटी संपली त्या संध्याकाळी तिचा फोन आला. "मावशी, बाबा एकच गेम घेऊन देणार आहेत. कोणता घेऊ, सांग ना वं." निकालाला अजून अवकाश होता. बाहेर ४४ अंश होते, नवतपा लागायचा बाकी होता. दुपारी अकरा ते पाच नागपुरात घराबाहेर पाय टाकायची सोय नसते, म्हणजे तिच्यापुढे रोज सहा रिकामे तास होते. ते एका गेमवर सोपवायचे म्हणजे मला छोटी गोष्ट वाटली नाही. "उद्या सांगते," म्हणून मी फोन ठेवला आणि त्या रात्री नीट विचार करत बसले. तो विचार इथे लिहिते आहे. असाच प्रश्न आणखी कुणाला पडला असेल तर उपयोगी पडेल.

गेल्या दिवाळीपासून मी ॲक्शन-ॲडव्हेंचर जातीचे चार गेम शेवटपर्यंत खेळले: घोस्ट ऑफ त्सुशिमा, गॉड ऑफ वॉर रॅग्नारॉक, अनचार्टेड: द लॉस्ट लेगसी आणि पुण्यात तयार झालेला राजी: ॲन एन्शंट एपिक. चारही पीसीवर, बहुतेक वेळा रात्री दहानंतर, कूलरसमोर बसून. चारही चांगले आहेत, त्यामुळे "चांगला कोणता" हा प्रश्न मला इथे फारसा कामाचा वाटत नाही. तुमच्याकडे कसा वेळ आहे, सलग की तुकड्यातुकड्यांचा, आणि त्या वेळात तुम्हाला एकटं राहायचं आहे की कुणाची सोबत हवी आहे, हे आधी ठरवा. या चार गेममधला खरा फरक तिथेच आहे.

आकार सांगून ठेवते. त्सुशिमाला मला ५२ तास लागले आणि तरीही नकाशाचे कोपरे उरले. रॅग्नारॉक ४१ तासांत संपला. लॉस्ट लेगसी नऊ तासांत, म्हणजे शनिवार-रविवारात. राजी पाच तासांत.

वाट कोण दाखवतं

मोठ्या गेममध्ये खेळणाऱ्याचा निम्मा वेळ इकडून तिकडे जाण्यात जातो. लढाया लक्षात राहतात, पण तास खातं ते हे जाणं-येणं. म्हणून मी तुलना इथून सुरू करते.

बहुतेक मोठ्या गेममध्ये पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटा गोल नकाशा असतो. त्यावर ठिपका असतो आणि आपण त्या ठिपक्याकडे बघत चालतो. समोर सूर्यास्त होत असतो, पण आपले डोळे कोपऱ्यात. त्सुशिमा बनवणाऱ्या सकर पंच या स्टुडिओनं तो गोल काढूनच टाकला. जिथे जायचं ते मोठ्या नकाशावर ठरवायचं आणि मग वाऱ्याला बोलवायचं. वारा सुटतो, गवत एका दिशेनं झुकतं, पानं उडत पुढे जातात आणि त्यांच्या मागे आपला घोडा. सोनेरी पक्षी दिसला तर तो एखाद्या गरम पाण्याच्या झऱ्याशी किंवा विसरलेल्या जागेशी नेतो. कोल्हा दिसला तर तो इनारी देवाच्या छोट्या देवळापर्यंत पळत नेतो आणि तिथे त्याला थोपटता येतं.

मे महिन्यात नागपुरात बसून वाऱ्याच्या मागे जाणं काय असतं हे ज्यानं तो महिना इथे काढला आहे त्यालाच कळेल. कूलरचा घरघराट एकीकडे आणि हेडफोनमध्ये त्सुशिमाचा वारा. एका रात्री लाईन गेली, पडदा काळा झाला, कूलर थांबला आणि त्या शांततेत मला क्षणभर वाटलं की वारा गेममध्येच पडला आहे. इतकी मी आत गेले होते. कोपऱ्यात नकाशा नसल्यामुळे ती बेटाची जमीन मला पाठ झाली. पांढऱ्या गवताचं माळरान, लाल पानांचं जंगल, उत्तरेकडचा बर्फ. रामटेकला गडावरून खाली बघताना खिंडशीचा तलाव कुठे, गाव कुठे हे जसं बोट दाखवून सांगता येतं, तसं मी आज इझुहाराबद्दल, म्हणजे त्या बेटाच्या दक्षिण भागाबद्दल, सांगू शकते.

त्सुशिमा हे खरं बेट आहे, जपान आणि कोरियाच्या मधलं. १२७४ साली कुबलाई खानाचं मंगोल आरमार तिथे उतरलं तो प्रसंग इतिहासातला, आणि कोमोदाच्या किनाऱ्यावर ऐंशीच्या आसपास घोडेस्वारांनी त्यांना तोंड दिलं हेही. खोतुन खान हा खलनायक मात्र कल्पनेतला, आणि नायक जिन साकाईसुद्धा. गेममध्ये निसर्गाकडे बघत हायकू रचायची सोय आहे. ती मला फार आवडली, जरी हायकू हा स्वतंत्र काव्यप्रकार त्यानंतर काही शतकांनी रुळला. २०२० मध्ये हा गेम आला आणि त्याच वर्षीच्या वादळात खऱ्या त्सुशिमावरच्या वातात्सुमी देवस्थानाची एक तोरी, म्हणजे देवळापुढचं तोरणासारखं द्वार, कोसळली. ती पुन्हा उभी करायला ५० लाख येन हवे होते. गेम खेळलेल्या लोकांनी त्याच्या पाच पटींहून जास्त पैसे पाठवले. कधी न पाहिलेल्या गावाच्या देवळासाठी लोक पैसे देतात ते उगाच नाही. त्या गावात ते पन्नास तास राहिलेले असतात.

रॅग्नारॉकमध्ये असं भटकणं नाही. तिथे नऊ लोक आहेत, लोक म्हणजे स्वर्लोक-पाताळलोक या अर्थानं, पण प्रत्येक लोक म्हणजे एकमेकांत गुंतलेल्या बोळांचा वाडा. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या गल्ल्यांसारखं: एका दारातून शिरलात की भलत्याच चौकात निघता, आणि मघाशी बंद दिसलेलं दार आतून उघडतं. बांधणी विलक्षण आहे. पण तिथे तुम्ही एकटे कधीच नसता. आपण खेळतो तो बाप म्हणजे क्रेटोस. त्याच्या कमरेला मिमिरचं बोलकं मुंडकं असतं, सोबत मुलगा अत्रेयस किंवा आणखी कुणी. होडीत बसलात की गोष्टी सुरू. मध्येच किनारा आला तर मिमिर थांबतो आणि पुन्हा होडीत बसल्यावर राहिली तिथून उचलतो. हे मला फार सुंदर वाटतं. मात्र हीच माणसं कोड्यापुढे उभं राहून पाच सेकंद झाले नाहीत तोच उत्तर सांगायला लागतात, आणि तिथे मी चिडले. विचार करू द्या ना.

लॉस्ट लेगसी या दोघांच्या मधे बसतो. तो बहुतांशी सरळ रस्ता आहे, फक्त सुरुवातीनंतर एक मोठा उघडा टापू येतो: सह्याद्री, लाल माती, धबधबे, आणि हाती एक जीप. चिखलात चढण चढताना जीप घसरते, तेव्हा तिच्या दोरानं झाडाला बांधून वर ओढावं लागतं. त्या टापूत मी तीन तास रमले. बाकीचा गेम तुमचा हात धरून पळवत नेतो.

मामा, बाप आणि दोन बायका

गोष्टीच्या बाबतीत माझं मत स्पष्ट आहे. रॅग्नारॉक सगळ्यांच्या वर. पण ते माझं मत आहे आणि त्याला कारण आहे.

माझा मुलगा या वर्षी पुण्याला होस्टेलवर गेला. रॅग्नारॉक ही एका बापाची गोष्ट आहे, ज्याला मुलाला जपण्यापलीकडे काही करता येत नाही. मुलगा मोठा झाला आहे, त्याला स्वतःचं भविष्य शोधायचं आहे, तो खोटं बोलून घराबाहेर पडतो. बाप रागावतो आणि मग हळूहळू, अगदी नाइलाजानं, ऐकायला शिकतो. क्रेटोस फार कमी बोलतो. क्रिस्टोफर जज या नटानं त्याला आवाज दिला आणि २०२२ च्या द गेम अवॉर्ड्समध्ये सर्वोत्कृष्ट अभिनयाचा पुरस्कार घेतला. नुसत्या हुंकारांत किती अर्थ भरता येतो ते त्यात दिसतं. पूर्ण गेमभर कॅमेरा एकदाही कापलेला नाही, सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच सलग दृश्य. त्यामुळे बापाच्या खांद्यामागून आपण हटतच नाही. काही भागांत मात्र खेळाची सूत्रं अत्रेयसच्या हातात येतात आणि तेव्हा तोच बाप बाहेरून दिसतो: अवाढव्य, अबोल, भीती वाटावी असा. मी तिथे खेळ थांबवून मुलाला फोन केला होता. रात्रीचे साडेअकरा झाले होते. तो जागाच होता.

एक इशारा मात्र द्यायलाच हवा. रॅग्नारॉक हा २०१८ च्या गॉड ऑफ वॉरचा पुढचा भाग आहे. सुरुवातीला मागच्या गोष्टीचा गोषवारा मिळतो, पण गोषवाऱ्यानं काम भागत नाही. फ्रेया ही देवी क्रेटोसवर का चवताळली आहे हे माहीत असणं वेगळं आणि मागच्या भागात ते आपल्या हातून घडलेलं असणं वेगळं. आधी २०१८ चा खेळा. तो स्वस्तही मिळतो आणि स्वतःपुरता पूर्ण आहे.

शिवाय मध्ये आयर्नवुड नावाचा एक लांबलचक भाग आहे. अत्रेयस एका मुलीबरोबर जंगलात फिरतो, फळं गोळा करतो, बोलतो. तिथे गती जवळजवळ थांबते. रात्री एक वाजता मला त्याचा कंटाळा आला हे खरं. पुढे त्या दुपारचं मोल कळतं, पण सलग खेळणाऱ्याला. रोज पाऊण तास खेळणाऱ्याचे चार दिवस त्यातच जातील.

त्सुशिमाची गोष्ट साधी आहे, आणि मराठी माणसाला ती इंग्रजी अनुवादापेक्षा जास्त कळेल असं मला वाटतं. इंग्रजीत शिमुरा हा जिनचा 'अंकल' आहे. पण तो आईचा भाऊ. म्हणजे मामा! वडील गेल्यावर मामानं वाढवलेला भाचा. तलवार धरायला मामानं शिकवलं, समोरासमोर लढायचं, पाठीत वार करायचा नाही हेही मामानंच. मंगोल मात्र असे नियम पाळत नाहीत. बेट वाचवायचं तर भाच्याला अंधारातून यावं लागतं, छपरावरून उतरावं लागतं, पाठीमागून मारावं लागतं. पहिल्यांदा तो तसं करतो तेव्हा लहानपणीचा मामाचा आवाज त्याला ऐकू येतो आणि खेळणाऱ्याचाही हात अडखळतो. 'अंकल' म्हणून ही गोष्ट एका सरदाराची वाटते. 'मामा' म्हटलं की घरातली होते. शेवटी एक निवड तुमच्यावर सोपवली जाते. ती काय हे सांगत नाही, पण मी कंट्रोलर खाली ठेवून बराच वेळ बसले होते.

आवाज जपानी ठेवा. पहिल्या आवृत्तीत ओठांची हालचाल इंग्रजीलाच जुळलेली होती. डायरेक्टर्स कट या नंतरच्या आवृत्तीत, पीसीवरही, जपानीला जुळते. फक्त घोडा पळवत असताना खाली सबटायटल वाचणं जमायला हवं.

लॉस्ट लेगसीत दोन बायका आहेत, क्लोई फ्रेझर आणि नदीन रॉस. एकमेकींवर विश्वास नाही, काम मात्र एकत्र करायचं आहे. क्लोई अर्धी भारतीय, आणि वडिलांचा अपुरा राहिलेला शोध ती पुढे नेते आहे: गणपतीचा तुटलेला दात. परशुरामानं शंकराला भेटायचा हट्ट धरला, गणपतीनं अडवलं, परशू चालला आणि दात तुटला, ही आपण आजीच्या मांडीवर ऐकलेली गोष्ट परदेशी गेममध्ये दोघी बायका एका पडक्या देवळात उभ्या राहून एकमेकींना सांगतात. मला ते ऐकताना आनंद झाला.

पण देवळांबद्दल बोललंच पाहिजे. आम्ही काही वर्षांपूर्वी बेलूर-हळेबीडला गेलो होतो. होयसळांची देवळं बुटकी असतात. ताऱ्याच्या आकाराचा जोता, मऊ साबणदगड, आणि त्यावर हाताच्या पेराएवढ्या जागेतही नक्षी. त्यांचा सगळा जीव बारकाईत आहे. बेलूरचं चेन्नकेशव मंदिर १११७ चं, आणि २०२३ मध्ये बेलूर, हळेबीड, सोमनाथपूर ही तिन्ही जागतिक वारशाच्या यादीत गेली. गेममध्ये मात्र बेलूर आणि हळेबीड ही नावं सह्याद्रीच्या कड्यांवर उभारलेल्या गगनचुंबी अवशेषांना दिली आहेत, डोंगराएवढ्या मूर्ती आणि खाली दरी. डोळ्यांना थक्क करतं ते, आणि एका कोड्यात तुमच्या प्रत्येक उडीबरोबर दगडी मूर्ती शस्त्र फिरवते तो प्रसंग चारही गेममधल्या कोड्यांत मला सगळ्यात आवडला. पण ते होयसळ नव्हेत. भाचीला मी सांगितलं, खेळ, मग आपण बेलूरला जाऊ.

हाताला काय लागतं

लढाईत रॅग्नारॉकची कुऱ्हाड. इतकंच म्हणून थांबले तरी चालेल. फेकायची, ती शत्रूत रुतते, मग बोलवायची आणि ती थाडकन हातात परत येते. चाळीस तासांत मला त्याचा एकदाही कंटाळा आला नाही. शत्रूच्या वाराभोवती रंगीत कडं येतं: लाल दिसलं तर टाळायचं, पिवळं दिसलं तर ढाल तुटू शकते, निळं दिसलं तर ढालीनं आपणच धडकायचं. हे एकदा अंगात भिनलं की लढाई नाचासारखी होते. त्रास एवढाच की चिलखतं, मंत्रमण्यांचं ताईत, शस्त्रांच्या मुठी, त्यांचे आकडे यांचा पसारा फार. दहा दिवसांच्या खंडानंतर मी परतले तेव्हा कुठलं चिलखत का घातलं होतं हे आठवेना आणि पहिला अर्धा तास त्यातच गेला.

त्सुशिमात चार पवित्रे आहेत. तलवारवाल्यासाठी एक, ढालवाल्यासाठी दुसरा, भालेवाल्यासाठी तिसरा, धिप्पाड गड्यांसाठी चौथा. समोर कोण आहे ते बघून पवित्रा बदलायचा. इतकं एकदा कळलं की महिन्यानंतरही हात विसरत नाही. आणि समोरासमोरचं आव्हान: दोघं थांबलेले, तुम्ही बटण दाबून धरलेलं, त्यानं वार केला त्याच क्षणी सोडायचं. लवकर सोडलं तर तुम्ही गेलात. माझं मत असं की हा गेम 'लीथल' या सगळ्यात कठीण पातळीवर जास्त खरा वाटतो, कारण तिथे तुम्हीही दोन वारांत मरता आणि शत्रूही. साध्या पातळीवर शत्रू फार वेळ तलवारी सोसत राहतात.

लॉस्ट लेगसीतला गोळीबार ठीक आहे. चढणं, लटकणं, दोर टाकून दरी ओलांडणं हेच तिथलं सुख.

लाईन गेली तर

आपल्याकडे हा प्रश्न खरा आहे, आणि परीक्षण लिहिणारे त्याबद्दल कधी बोलत नाहीत.

त्सुशिमा सतत स्वतःहून सेव्ह करतो, शिवाय हवं तेव्हा आपणही करू शकतो. लाईन गेल्यानं माझं कधी दोन-चार मिनिटांपलीकडे गेलं नाही. लॉस्ट लेगसीतही सेव्हचे थांबे कमी अंतरावर आहेत. रॅग्नारॉकमध्ये एका लांब लढाईच्या शेवटच्या टप्प्यात लाईन गेली आणि ती पूर्ण पुन्हा लढावी लागली. त्या रात्री मी झोपायला गेले.

डेस्कटॉपला यूपीएस लावणार असाल तर आकडा बघून घ्या. घरोघरी दिसणारा ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉट पेलतो. ग्राफिक्स कार्डासह पीसी जोरात चालत असेल तर तेवढ्यावर तो वीज जाताच मान टाकू शकतो. १००० व्हीएच्या पुढचा घ्या, किंवा खेळताना फ्रेम, म्हणजे पडद्यावर सेकंदाला येणारी चित्रं, ६० वर किंवा ३० वर बांधा. फ्रेम बांधल्यानं वीज कमी लागते, उष्णता कमी होते आणि पंख्यांचा आवाजही उतरतो. मे महिन्यात खोलीच जिथे ३६ अंशांवर असते तिथे पीसी स्वतःला कितीही थंड ठेवायला गेला तरी त्या हवेपेक्षा थंड होणार नाही. मी नवतपात ३० वर खेळते. त्सुशिमा ३० वरही शोभतो, रॅग्नारॉकच्या लढाईत मात्र फरक जाणवतो. आणि कूलर पीसीच्या तोंडासमोर ठेवू नका. ओली हवा आणि धूळ दोन्ही आत जातात.

जागा: रॅग्नारॉकला पीसीवर १९० जीबी लागतात, अनचार्टेडला १२६, त्सुशिमाला ७५. अनचार्टेडमध्ये मात्र एका किमतीत दोन गेम येतात, चौथा भाग आणि लॉस्ट लेगसी. जुना पीसी असेल तर त्सुशिमा चार जीबीच्या जीटीएक्स ९६० या ग्राफिक्स कार्डावरही कमीत कमी दर्जावर सुरू होतो, रॅग्नारॉकची किमान मागणी जीटीएक्स १०६० ची आहे. किमतींबद्दल एवढंच की हे सगळे वर्षातून अनेकदा सवलतीत येतात. घाईनं पूर्ण किंमत देऊ नका. सुट्टी संपत आली असेल तर गोष्ट वेगळी.

राजी

राजीला या रांगेत बसवणं अन्यायाचं आहे, तरी वगळणं त्याहून जास्त. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्सच्या मोजक्या लोकांनी हा बनवला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसे उभे करायचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी काम थांबलं नाही आणि २०२० मध्ये गेम आला. राखीपौर्णिमेच्या दिवशी राक्षस भावाला पळवून नेतात आणि बहीण त्याच्या शोधात निघते. दुर्गा आणि विष्णू वरून बघत तिच्याबद्दल आपसांत बोलतात. राजस्थानी हवेल्या, कमळांची तळी, आणि मधल्या गोष्टी छायाबाहुल्यांच्या खेळातून. पुढे २०२२ च्या सुधारित आवृत्तीत हिंदी आवाजही आले, आणि माझं म्हणणं आहे की हिंदीतच खेळा.

लढाई अवघडलेली आहे, कॅमेरा हलवता येत नाही आणि शेवट असा होतो की पुढचं पान फाटलं आहे असं वाटतं. हे दोष मी लपवणार नाही. पण त्रिशूळ घेऊन खांबाला गरगरत शत्रूंवर कोसळणारी ती मुलगी बघताना मला जे वाटलं ते क्रेटोस बघताना वाटलं नाही. किंमत कमी, वेळ पाच तास. दुसऱ्या कुठल्याही गेमबरोबर हा जोडून घ्या.

मग कोणता

तुम्ही नोकरीवरून आठ वाजता येत असाल, आठवड्यातून दोनदा तासभर मिळत असेल, तर त्सुशिमा. विसरून परत आलात तरी तो रागावत नाही. एका तासात एक देऊळ, एक झरा, एक छोटी चकमक, आणि झोप. कुणी घरात आजूबाजूला असेल तरी चालतं. माझी सासू शेजारी बसून कोल्ह्याच्या मागे जा, कोल्ह्याच्या मागे जा, म्हणायची.

सलग सुट्टी असेल, २०१८ चा भाग खेळून झाला असेल आणि घरात कुणी नुकतंच दूर गेलं असेल किंवा तुम्ही स्वतः जाणार असाल, तर रॅग्नारॉक. माझ्या मनात तो सगळ्यात खोल गेला आणि तरीही पहिला म्हणून मी तो कुणाला देणार नाही.

आजवर असा गेम खेळलाच नसाल, कंट्रोलर हातात धरायची सवय नसेल, तर लॉस्ट लेगसी. संपतो. पहिला गेम संपण्याचं सुख ज्याला मिळालं तो दुसरा घेतो, पन्नास तासांच्या गेममध्ये तिसऱ्या दिवशी अडकलेला माणूस पुन्हा त्या वाटेला जात नाही. रक्तपातही त्यात बेतानं आहे. युरोपातल्या वयाच्या श्रेणीनुसार तो १६ च्या वरच्यांसाठी आहे, त्सुशिमा आणि रॅग्नारॉक दोन्ही १८ च्या वरच्यांसाठी. घरात लहान मुलं मागे उभी राहून बघत असतील तर हे लक्षात ठेवा.

भाचीचं काय? ती १८ पूर्ण झाली आहे, जुलैत कॉलेजसाठी घर सोडणार आहे, म्हणून माझ्या मनात आधी रॅग्नारॉकच आला होता. पण मागचा भाग तिनं खेळलेला नाही, आणि मुलाला मोकळं सोडायला शिकणाऱ्या बापाची गोष्ट तिच्यापेक्षा तिच्या बाबांनी खेळायला हवी. तिला दोन वर्षं क्लास, कॉलेज, टेस्ट सिरीज, पुन्हा क्लास अशी कुणीतरी आखलेली वाट होती, प्रत्येक तासावर ठिपका असलेली. मी तिला त्सुशिमा सांगितला आणि राजी माझ्याकडून दिला.

चौथ्या दिवशी दुपारी तिचा फोन आला. आवाज अगदी ताजा. विचारलं, मंगोलांचा पहिला किल्ला घेतला का.

"नाही ना मावशी. किल्ला कुठं आहे तेच नाही पाहिलं अजून. मी कोल्ह्याच्या मागं गेली होती."